पुलाखालचा चढ

रेल्वेच्या पुलाखाली रस्ता बुडी मारतो
आणि पलीकडे वर येतो.
त्याला कुणी चढ म्हणत नाही.
ओउलू म्हणजे सपाट गाव, पोळपाटासारखं,
असं पाहुण्यांना सांगतात.
पाहुणे सायकलवरून कामाला जात नाहीत.

मी जाते. बेचाळीस वर्षं झाली.
इस्पितळाचा धुलाईखाना, हजेरी साडेसहाला.
नऊ किलोमीटर, त्यातले सहा महिने अंधारात,
खिळ्यांची टायरं बर्फावर करकरत.
आणि सगळ्या वाटेत हा एवढाच तुकडा, तीस पायडलांचा,
माझं वय मला तोंडावर सांगणारा.

एकोणिसाव्या वर्षी तो मला दिसलाच नव्हता.
उतारावर आलेला वेगच
पलीकडे वर काढून टाकायचा मला,
ओठांवरची शीळ न तुटता.
वेइक्को पेल्टोला तेव्हा साठीला टेकलेला,
कागदगिरणीचा रातपहारेकरी, अंगाला गिरणीचाच
शिजल्या कोबीचा वास.
सायकल हातात धरून कडेकडेनं चालत यायचा
आणि मी घंटी वाजवायचे.
रस्ता चांगला रुंद होता.

मग मागच्या सीटवर यान्ने आला.
चौदा किलो, बर्फाचे बूट धरून पंधरा.
आई, तू असा आवाज का करतेस?
इंजिन आहे ते, मी म्हणायचे.
दोन हिवाळे मी त्याचं इंजिन होते.
ओल्या चादरींचा गाडा तेव्हा एकटी ओढायचे,
दोघींचं काम,
आणि मुकादमीण नुसती बघत राहायची.

सत्तेचाळिसाव्या वर्षी सिगारेटींनी हिशेब मागितला.
मध्यावरच पाय टेकला.
साखळी बघतेय असं दाखवलं,
वाकून, हातमोजा काढून, उणे अठरात.
बोटं काळी करून घेतली, पुरावा म्हणून.
धुलाईखान्यात कुणी विचारलंही नाही
आणि मी ती दिवसभर धुतली नाहीत.

सिगारेटी सुटायला दीड वर्ष गेलं.
मधल्या काळात बस.
बसमध्ये मी सगळ्यांवर चिडायचे.
एप्रिलात एकदा पुन्हा तो चढ चढले,
सगळ्यात हलका गियर, गोगलगाय परवडली,
पण बुड सीटवरून न उचलता.
वर पोचल्यावर उगाच एक फेरी मारून परत खाली गेले.
ते कुणाला सांगितलेलं नाही.

आता गुडघे.
उतारवय म्हणतात याला.
उतार कुठल्या गल्लीत आहे, देव जाणे.
यान्ने स्वतः तीन किलोमीटरला मोटार काढतो,
त्यानं मला बॅटरीची सायकल घेऊन दिली.
पायडल दाबलं की पाठीवर कुणाचा तरी हात,
लहानपणी बाप सीट धरून मागं पळायचा तसा,
फक्त धापा टाकत नाही.
मी बॅटरीला लोकरी पिशवी शिवली.
थंडी लागू नये म्हणून, असं सांगते.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी उणे सत्तावीस.
पिशवीचा काही उपयोग झाला नाही.
अगदी पुलाखाली, खोलात, दिवा विझला आणि
पाठीवरचा हात सुटला.
सायकलचं वजन सव्वीस किलो.
यान्ने आणि त्याचा जुळा भाऊ असता तर जवळपास तेवढंच.
उतरले. कडेकडेनं ढकलत निघाले.

मागून घंटी.
रस्ता तेव्हापासून अजून रुंद झालाय.
पिह्ला गेली शेजारून, नवी, एकवीस वर्षांची,
इस्त्रीच्या यंत्रावर आमच्याकडेच.
वेइक्को काय म्हणत असेल मनात, ते मला कळलं.
छापण्यासारखं नाही.

आणि मग पुढे, माथ्याच्या चार हात अलीकडे,
ती थांबलेली.
वाकलेली. हातमोजा काढून साखळीशी चाळा करत.
छातीचा भाता माझ्यापर्यंत ऐकू येत होता,
खिशातून दम्याचा पंप अर्धा बाहेर.
साखळी दिव्याखाली चांगली तेलपाणी केलेली, जागच्या जागी.

पुढे निघून जाता आलं असतं.
मी स्टँड लावला, शेजारी वाकले,
हो गं, बिघडलीय, म्हटलं,
या थंडीत होतं असं.
दोघींची वाफ एकाच दिव्यात चढत राहिली,
तिची भरभर, माझी सावकाश.

हजेरीला अकरा मिनिटं होती.